चाळिसाचा आकडा

वर्नेल स्टब्जचं केस कापायचं दुकान गालिच्यांच्या गिरणीसमोर होतं. नवरा गेल्यापासून घरात ती आणि अकरा वर्षांची जोली, दोघीच. जोलीचे हात जन्मापासून आखडलेले. वाचायला तिला इतरांच्या तिप्पट वेळ लागे, पण हातातलं पुस्तक ती पुरं केल्याशिवाय सोडत नसे.

जानेवारीत मुख्याध्यापक पिकन्स स्वतः घरी आले. दुसऱ्या एका गावच्या शाळेत अशा मुलांची चांगली सोय आहे, असं त्यांनी गोड बोलून पटवलं. वर्नेलनं सही केली. मग रोज सव्वा तासाची बस सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात बसमध्ये लघवी आवरली नाही म्हणून जोली ओल्या कपड्यांनी उतरली, आणि दोन दिवस तिनं पुस्तक उघडलं नाही.

खरं कारण मार्चमध्ये कळलं, शाळेच्या कारकूनबाईंचे केस रंगवताना. सरकारी परीक्षेत अपंग मुलांचा निकाल वेगळा धरतात, पण शाळेत अशी निदान चाळीस मुलं असली तरच; मग तो कमी पडला की सगळी शाळा नापास. पिकन्सकडे एकेचाळीस होती. त्यांनी तिघांना बाहेर पाठवलं, अडतीस उरली, आणि त्यांचा निकाल कुणी बघणारच नव्हतं.

वर्नेलनं बाईंचे केस नीट धुऊन दिले. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती जिल्हा कचेरीत गेली. आईनं संमती मागे घेतली तर मूल परत घ्यावं लागेल, असं तिनं लेखी आणलं आणि ते बाकीच्या दोन्ही आयांना वाचून दाखवलं. परीक्षेला दहा दिवस असताना तिघी आपापली मुलं घेऊन शाळेच्या दारात उभ्या राहिल्या. पिकन्सनी एवढं वर्ष थांबा म्हणून विनवलं.

"यंदाच," वर्नेल म्हणाली.

उन्हाळ्यात शाळा नापासांच्या यादीत आली. पिकन्सची बदली जिल्ह्याच्या पुस्तकांच्या गोदामात झाली. वर्नेलनं वर्तमानपत्रातली यादी कापून आरशाला चिकटवली.

ऑगस्टमध्ये मिसेस पिकन्स आल्या. गावात दुसरं दुकान नव्हतं. आरशाकडे बघत त्या म्हणाल्या, "पोरीला परत घ्या एवढं म्हणाली असतीस, तर त्यांनी घेतलं असतं. माणसाला मातीत घालायची काय गरज होती, वर्नेल?"

"माझी पोर ओल्या कपड्यांत सव्वा तास बसली होती, मिसेस पिकन्स. मान खाली करा, मागचे केस कापायचेत."

त्याच आठवड्यात जोलीच्या गुणांचा कागद आला. गुण फारच कमी होते. ते बघून वर्नेलला आधी बरंच वाटलं. अशाच आकड्यांनी पिकन्स पडला होता. मग जोलीनं विचारलं, "मला किती मिळाले?" आणि तिला पोरीकडे बघवेना. तिनं खरं ते सांगितलं.

"शेवटचा उतारा राहिला," जोली म्हणाली. "मला येत होता. वेळच संपली."

तिला जादा वेळ मिळायला हवा होता, तसं कागदोपत्री ठरलं होतं. तो कुणी दिलाच नव्हता.

नव्या मुख्याध्यापिका रुजू झाल्या, त्या सकाळी त्यांच्या दाराशी जादा वेळेचा तो कागद घेऊन सगळ्यांत आधी वर्नेल उभी होती.