येत्या साली वाचीन

किस्से म्हणजे लग्नघरातल्या चपला. दारात कधी जमल्या कळत नाही, आणि सगळे पाहुणे गेल्यावरही एखादी जोडी उरतेच. कोणाची म्हणून विचारलं तर कोणी हो म्हणत नाही! आमच्या वाचनमंडळाचं तेच आहे. पुस्तकं वाचून झाली थोडी, किस्सेच जास्त उरले.

मंडळ म्हणजे तरी काय, पाच टाळकी. मी, सुलभा, अमरावतीच्या विमा ऑफिसातून रिटायर झालेली. माझ्याच टेबलासमोर जन्म काढलेले गजाननराव, कानांनी अधू. भातकुलीचे देवरावभाऊ, घरची शेती आणि जीभ तिखट. गादीच्या दुकानाचे रशीदचाचा. आणि अकोल्याच्या बँकेतली वर्षा, आमच्यात सगळ्यात लहान, म्हणून सगळ्यात शहाणी!

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी देवरावभाऊंच्या शेतात हुरडा. हात झटकले की गोल बसायचं आणि एकेकानं पुढच्या वर्षाचं टार्गेट मोठ्यानं सांगायचं. "येत्या साली मी अमुक वाचीन!" बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "वाचा!" गजाननरावांना ऐकू यायला वेळ लागे, त्यामुळे त्यांचं "वाचा!" मागाहून, एकटंच यायचं. आम्ही दरवर्षी हसायचो.

* * *

आधी चाचांचं सांगते. चाचांची शाळा उर्दूतली. साठी उलटल्यावर हट्टानं मराठी वाचायला लागले. टार्गेट दरसाल एकच पुस्तक, पण जाडजूड. पहिलं पूर्ण केलं तेव्हा छाती काढून सांगितलं, "ताई, मी वाचलो!"

"अहो चाचा, वाचलं म्हणा. वाचलो म्हणजे मरता मरता राहिलो!"

"तेच तं म्हणून राहिलो! इतकं जाड पुस्तक, मरता मरताच राहिलो ना!"

मी काही सोडते होय? जन्मभर लोकांच्या अर्जातल्या चुका काढल्या मी. पण चाचाही वकील! "शिकलो चालते, बोललो चालते, विसरलो चालते. मग वाचलो कावून नाई चालत?" घरी जाऊन मी व्याकरणाचं पुस्तक काढलं. अजूनही शोधतेच आहे.

तेव्हापासून दरवर्षी त्यांचं "मी वाचलो!" आणि माझं "कोणापासून?" हे ठरलेलं.

* * *

गजाननरावांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्या साली त्यांनी टार्गेटच दिलं नाही. हात झटकत म्हणाले, "मले कायचा टाइम भेटते आता? येत्या साली मी काई वाचत नाई!"

सगळे खो खो हसलो. देवरावभाऊ म्हणाले, "असं अभद्र नको बोलू बे, गज्या!" त्यावर आणखी हसलो.

होळीच्या आत गजाननराव गेले. चहाचा कप हातात, पेपर मांडीवर. तेराव्याला जेवताना माझा घास तोंडाशीच थांबला. समोर वर्षा बसली होती, तिनंही पोळी खाली ठेवली. दोघींना एकाच वेळी तेच वाक्य आठवलं होतं.

* * *

त्या डिसेंबरला आम्ही चौघंच. भर दुपार, लख्ख ऊन. हुरड्यात मजा नव्हती, पण रीत म्हणून बसलो. मीच आधी बोलले, "येत्या साली मी तीन कादंबऱ्या वाचीन."

तिघं म्हणाले, "वाचा!"

आणि मग थोड्या वेळानं, कडब्याच्या गंजीकडून, एकटंच, "वाचा."

कोणी मान वळवली नाही. आपल्यातलंच कोणी बोललं असेल, असं प्रत्येकानं समजून घेतलं. शेजारी चाचांचे ओठ मात्र हलत होते. दुआ म्हणत होते बहुतेक.

शेवटी देवरावभाऊंनी शेकोटीत काडी टाकली. म्हणाले, "तिकडं जाऊन बी कान दुरुस्त नाई झाले लेकाचे!"

हसलो बाप्पा. काय करता? पुढं ते "वाचा" दरवर्षी यायला लागलं, प्रत्येकाच्या टार्गेटनंतर. माणूस कशालाही सरावतो. खरं सांगते, उशीर झाला तर आम्ही वाट बघायचो.

* * *

देवरावभाऊंना वाटायचं, आपण सगळ्यांपेक्षा हुशार. एका साली म्हणाले, "मी अर्धं पुस्तक वाचीन. अर्धा टाइम शेताले, अर्धा पुस्तकाले. हिशोब बरोबर!"

आम्ही म्हटलं, "वाचा!" मागून गंजीनंही म्हटलं.

ऐन पावसाळ्यात भाऊंना लकवा. उजवा हात, उजवा पाय, अर्धं तोंड. डॉक्टर म्हणाले, नशीब, जिवावरचं टळलं. डिसेंबरला काठी टेकत शेतात आले, खाटेवर बसले आणि वाकड्या तोंडानं म्हणाले, "बोललो होतो ना, अर्धं वाचीन? वाचलो अर्धा!"

मला रडूच आलं. भाऊंनी मात्र आभाळाकडं बघून ओरडून सांगितलं, "येत्या साली पुरं वाचीन! पुरं! आयकू येते का रे, गज्या?"

आता काठी खुंटीला आहे. पेरणीला भाऊ स्वतः तिफण हाकतात.

* * *

वर्षा हे सगळं ऐकून चिडायची. "कसल्या अंधश्रद्धा! शिकलेली माणसं ना तुम्ही?" आणि एका साली मुद्दाम, ठासून म्हणाली, "येत्या साली मी वाचणार नाही. मोबाइलवर नुसतं ऐकीन!"

आम्ही किती विनवलं! चाचा तर हात जोडायला लागले, "बेटा, शब्द वापस घे." हसत हसत गेली एसटी पकडायला.

नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात तिचा फोन, तोही मूर्तिजापूरच्या अलीकडून. बस अकोल्याकडं चाललेली. हिची खिडकीची सीट. पुढं कोणी मैत्रीण दिसली म्हणून सीटवर बॅग ठेवून बोलायला गेली, आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतली लोखंडी सळई खिडकीतून आत. सीटच्या पाठीत घुसली, बॅगेसकट. बॅगेत कोरं पुस्तक होतं, त्याला आरपार भोक.

"मावशी," ती रडत म्हणाली, "मी वाचले. पुस्तक नाही वाचलं."

मग लगेच, "चार वाचीन म्हणावं! पाच वाचीन! सांगा ना त्यांना!"

कोणाला सांगू, ते ती बोलली नाही. मी गच्चीवर गेले आणि भातकुलीच्या दिशेनं तोंड करून सांगून आले.

* * *

आता मागच्या डिसेंबरचं.

चाचांचं हृदय कमजोर झालेलं. चार पावलं चालले की दम लागे, ऑपरेशन झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं. तरी हुरड्याला आलेच. बाकीच्यांच्या टार्गेटनंतर ठरलेलं मागचं "वाचा" आलं. माझ्या, भाऊंच्या, वर्षाच्या. मग चाचा बोलले. एका जाडजूड कादंबरीचं नाव घेऊन म्हणाले, "येत्या साली मी हे पुरं वाचीन."

आम्ही तिघं ओरडलोच, "वाचा!"

आणि थांबलो.

वारा पडलेला. कडब्याचं पान हलेना. मी गंजीकडं बघत होते, मनात म्हणत होते, बोला हो गजाननराव, बोला ना! वर्षानं माझा हात घट्ट धरला होता. भाऊ उगाच खोकले.

चाचांनी सगळ्यांकडं बघितलं आणि साधेपणानं विचारलं, "आज गजाननराव नाई आले का?"

* * *

यंदाच्या दिवाळीनंतर चाचा दवाखान्यात. पुस्तक धरायची ताकद नव्हती, म्हणून आम्ही पाळीपाळीनं वाचून दाखवायचो. शेवट जवळ आला तसं देवरावभाऊंनी मला पॅसेजमध्ये गाठलं. "ताई, शेवटचं पान नोका वाचू. पुस्तक राहिलं तं माणूस राहते."

हसू नका, मीही तेच ठरवून आले होते. वाचलेली पानं पुन्हा वाचायची, मधेच पाणी प्यायची, चष्मा पुसत बसायची. मला माझा चाचा हवा होता हो! पुस्तक गेलं खड्ड्यात!

पण चाचांना फसवणं सोपं नव्हतं. त्या दुपारी डोळे मिटूनच म्हणाले, "ताई, हे तं काल झालं."

"झालं का? बरं, मग उद्या पुढचं."

"आज." डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "टार्गेट आहे माझं. तुमीच आयकलं ना?"

वाचलं शेवटचं पान. सावकाश वाचलं, पण पान ते, संपतंच. पुस्तक मिटून त्यांच्या उशाशी ठेवलं. चाचांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. जीभ अडखळत होती, तरी एकेक अक्षर नीट जुळवून म्हणाले, "ताई, मी वाचलं."

मी टाळीच वाजवली! "वा चाचा! आज बरोबर बोललात! मानलं!"

चाचा हसले आणि त्यांनी कूस बदलली. झोपू दे जरा, म्हणून मी पांघरूण सारखं केलं आणि लिफ्टनं खाली आले. दारातच चाची भेटल्या, हातात डबा. माझ्या तोंडावरचं हसू बघून त्यांचाही चेहरा फुलला.

"बरे आहेत का? काय बोलले?"

"अहो चाची, कमाल झाली! पुस्तक संपलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चाचा बरोबर मराठी बोलले. 'मी वाचलं' म्हणाले!"

चाचींच्या हातातला डबा खाली आला.

"वाचलो नाई बोलले?"

लिफ्ट वर गेलेली होती. आम्ही दोघी जिन्याकडं धावलो.