तेलाखालचं पाणी

माझं अक्षर वाकडं आणि शाळा चौथीपर्यंतच; ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफी असावी.

आज देवापुढच्या काचेच्या दिव्यात खाली पाणी, वर तेल ओतताना आमची जुनी मिलिटरीची जीप आठवली. तेव्हा जयनगरात नवी घरं उठत होती. तिथं सामान पोचवायला यांनी माझ्या दादाकडून उसने पैसे घेऊन ती लिलावात घेतली होती. एकदा भरलेला ओढा ओलांडताना ती सीटपर्यंत बुडाली. बैलांनी ओढून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी अंगणभर चिखलाचा आणि पेट्रोलचा वास होता. गाड्या दुरुस्त करणाऱ्या कानडी मेस्त्रीअण्णांनी प्लग पुसले, वायरी उन्हात वाळवल्या. यांनी इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. "तेल उलट वाढलंय की! मारा हँडल, करा चालू."

परक्या माणसासमोर मी बोलत नसे. पण तेल आपोआप वाढेल कसं? दाराआडून म्हटलं, "अहो, थांबा. दिव्यासारखं खाली पाणी असेल."

"आता ही मेस्त्रीण!" हे हसले.

"स्वल्प थांबा, साहेब," म्हणत अण्णा जीपखाली शिरले. तळाचा नट सैल केला, तशी गढूळ पाण्याची धार लागली. तेल नंतर आलं. "सरी अक्का, बरोबर बोललात! हँडल मारलं असतं तर इंजिन गेलं असतं."

मी लाजून आत पळाले. आता वाटतं, तिथंच उभं राहायला हवं होतं. नव्या तेलावर जीप सुरू झाली आणि तिच्याच कमाईतून दादाचे सगळे पैसे फिटले. शेवटचे मी माझ्या हातानं दिले.