मी न चाललेली पावलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला — तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत मी स्टोअरचं काम बघते. तिथं मला ‘ॲपवाल्या मॅडम’ म्हणतात. कौतुकानंच म्हणतात. पाणी प्यायची आठवण करणारं ॲप, दिवसाची कामं लावून देणारं, शांतपणे श्वास घ्यायला शिकवणारं, फोन फार वेळ हातात राहिला की पडदा काळा करून टाकणारं — माझ्याकडे सगळी आहेत. नवी मुलगी कामाला लागली की तिच्या फोनमध्ये एखाददुसरं मी घालून देतेच. मला ती मनापासून आवडतात, त्यांचा उपयोगही होतो. त्यात ढोंग नाही. ढोंग दुसरीकडे आहे.

नसरीन माझी शाळेपासूनची मैत्रीण. एका बाकावर बसून आम्ही मोठ्या झालो. लग्न होऊन ती पोलादपूरच्या पुढे एका गावात गेली. नवरा आखातात ट्रेलर चालवतो, सुट्टी मिळेल तेव्हा येतो. घरात ती आणि सासू. तिची आई गेली आणि त्यानंतर नसरीननं अंथरूणच धरलं. ताप नाही, दुखणं नाही. पण उठायची नाही, केस विंचरायची नाही, फोन उचललाच तर नुसतं ‘हं’. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, रोज सकाळी घराबाहेर पडा, चाला. सांगणं सोपं. तिला उठवणार कोण?

मग मी माझं नेहमीचं औषध काढलं. चालण्याचं एक ॲप आहे, दोघींनी मिळून वापरायचं. दोघींची नावं एकाखाली एक दिसतात आणि जी चालेल तिच्या नावापुढचा गोल हिरवा भरत जातो. तिच्या घरी जाऊन मीच ते तिच्या फोनमध्ये घातलं. म्हटलं, तू तिकडे चाल, मी इकडे चवदार तळ्याभोवती चालते. म्हणजे सोबतच झालं की नाही?

आणि ती उठली हो. पहिल्या दिवशी जेमतेम अंगणापर्यंत, मग शाळेपर्यंत, मग ओढ्यावरच्या मोरीपर्यंत. मीही चालत होते. खरंच चालत होते तेव्हा.

एका सकाळी मला सर्दी झाली म्हणून मी गेले नाही. थोड्या वेळात तिचा निरोप आला — तू नाय गेलीस? मग मी पण नाय जात. पुन्हा पडून राहिली तर? मी स्वयंपाकघरात उभी होते, गॅसवर चहा होता. डाव्या हातात फोन घेतला आणि हलवायला लागले. पाळणा हलवावा तसा. ॲपला ती पावलंच वाटली, गोल भरत गेला. चहा उकळून होईपर्यंत बराच भरला. मग तिचाही भरायला लागला.

गोष्ट इथंच थांबली असती तर मी ती कौतुकानं सांगितली असती, नाही का? मैत्रिणीसाठी केलेली लबाडी म्हणून. पण दुसऱ्या दिवशी मला सर्दी नव्हती. तरी मी फोनच हलवला. सोपं होतं ना. नवऱ्याची पहिली पाळी, त्याचा डबा, बस निघायची घाई — एका हातानं पोहे परतायचे, दुसऱ्या हातानं चालायचं. महिन्याभरात सवयच झाली. ती मला हिरवं हृदय पाठवायची, मी तिला पाठवायचे.

मग श्रावणातली ती सकाळ. रात्रभर कोसळत होता, महाडात गाडीतळाकडचे सखल रस्ते पाण्याखाली जातील अशी भीती होती. तशात कोण चालायला जाईल? मी हे स्वतःला विचारायला हवं होतं. पण हात आपोआप हलत होता. गोल भरला. मी फोन ठेवला आणि ऑफिसला गेले.

दुपारी तिच्या सासूचा फोन आला. मोरीवरच्या शेवाळावरून नसरीन घसरली होती. मनगट मोडलं होतं, तिला महाडला हाडांच्या डॉक्टरांकडे आणलं होतं. मी सुट्टी टाकून धावले.

ती खाटेवर बसली होती. हात गळ्यात बांधलेला, ओढणीला चिखल तसाच. सासू माझ्याकडे बघून रडायलाच लागली. “मी नको बोलली हिला,” म्हणाली. “पाऊस बघ केवढा हाय. तर बोलते, वैशू गेली हाय, मी कशी बसू?”

नसरीननं माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, तिला सासूपुढे आपली बाजू सांभाळायची होती, एवढंच. “तू गेलतीस ना गो?”

इथवर मी नुसता फोन हलवला होता. कुणाच्या तोंडावर खोटं बोलले नव्हते. आणि तेव्हा, त्या खाटेपाशी, अजून सांगता आलं असतं. ती रागावली असती, रडली असती. पण मी काय केलं?

“गेले होते,” मी म्हटलं. “चिंब भिजले.”

ती सासूकडे वळून हसली. बघा, मी सांगत नव्हते, अशी. त्या हसण्याचं काय करायचं, मला आजही कळत नाही.

प्लास्टर निघालं. मनगट मात्र पूर्ण वळत नाही. तिच्या हातची तांदळाची भाकरी मी लहानपणापासून खात आले, ती आता तिला थापता येत नाही. सासू थापते. नसरीन त्याबद्दल कधी कुरकुरली नाही. प्लास्टर असतानाही चालत राहिली. हळूहळू गोळ्या कमी झाल्या, ती बोलायला लागली, शेजारच्या बायकांना सोबत न्यायला लागली. आज तिला त्या ॲपची गरजही नाही.

महिला दिनाला आमच्या कंपनीत मला फोन आणि आरोग्य यावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी तिलाही बोलावलं. का बोलावलं? कौतुक हवं होतं, दुसरं काय. ती माईकपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “मी एकटी कधीच चालले नाय. ही रोज माझ्यासोबत होती.” टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आता सांगितलं तर तिची ती सगळी उमेद खोट्यावर उभी होती असं तिला वाटेल, म्हणून मी गप्प आहे — असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. ते खरं नाही. तिचा चेहरा बदललेला मला बघायचा नाही, एवढंच खरं आहे. ती बरी झाली ती स्वतःच्या पायांनी. मोडलं ते मात्र माझ्यामुळे.

यंदा थंडीत ती खरेदीला महाडला आली होती. संध्याकाळी आम्ही तळ्यावर गेलो. ते चालणं सुरू झाल्यापासून तिथं दोघी एकत्र पहिल्यांदाच. ती कठड्याला टेकली. मग म्हणाली, “त्या दिवशी एवढ्या पावसात तू एकटीच असशील गो इथं. कुठल्या बाजूनं चालत होतीस?”

मी हात वर केला आणि पलीकडची बाजू दाखवली.

ती त्या बाजूकडे बराच वेळ बघत होती.