साठ मिनिटांचा चौकोन

जपानात, हिगाशी-कसाईत चौथ्या मजल्यावर राहणारी स्नेहलता कागदपत्रांत कुणाला हार जाणारी नव्हती. पुण्यात नऊ वर्षं बँकेत काढलेली बाई. कोरा रकाना दिसला की तिला चैन पडायचं नाही. हिवाळ्याच्या सुटीत शाळेने तिच्या तन्वीला एक कार्ड दिलं. रोज साठ मिनिटं धावायचं, खेळायचं, मग एक चौकोन रंगवायचा आणि खाली सहीऐवजी पालकांच्या नावाचा शिक्का. स्नेहलता रोज संध्याकाळी चौकोन स्वतःच रंगवायची आणि शिक्का मारून मोकळी व्हायची. तन्वी तेव्हा सोफ्यावर टॅब घेऊन लोळत असायची.

आळस नव्हता तो, भीती होती. २०११च्या भूकंपात पाच वर्षांच्या तन्वीच्या बालवाडीपर्यंत चालत पोचायला तिला तीन तास लागले होते. आता त्याला तीन वर्षं होत आली, तरी लेक नजरेआड झालेली हिला खपायची नाही. कोपऱ्यावरच्या खांबावरून भूकंपात इशारे देणारा कर्णा आता रोज संध्याकाळी मुलांना घरी बोलावणारी साधी सुरावट वाजवायचा, तरी ही दचकायची. "अगं, खाली पार्कात तर जायचंय," नवरा संजीव म्हणायचा. त्याचं काय जातंय बोलायला? भूकंपाच्या दिवशी तो दूर कावासाकी शहरातल्या ऑफिसात होता.

जानेवारीत शाळेत धावण्याची शर्यत झाली. तन्वी अर्ध्यातच पोट धरून खाली बसली. दोन दिवसांनी तिच्या वर्गशिक्षिका इनोउए बाईंची चिठ्ठी आली, फार अदबीने लिहिलेली: रोज तासभर खेळणारी मुलगी इतकी दमते, तेव्हा तिचं हृदय तपासून घ्यावं, आम्हाला काळजी वाटते.

संजीव लगेच डॉक्टरची वेळ घ्यायला निघाला. तन्वीचा चेहरा उतरला. "आई, माझं हार्ट खराब आहे?"

"नाही गं. कार्ड खोटं आहे. मी रंगवलं ते."

"शित्तेरु," तन्वी जपानीत पुटपुटली. तिला माहीत होतं. स्नेहलताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत जाऊन, मोडक्यातोडक्या जपानीत, वाकून वाकून सगळं कबूल केलं. इनोउए बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नवं कोरं कार्ड दिलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

त्या दुपारी तन्वी आईशिवाय, मैत्रिणींबरोबर खाली गेली. पार्क इमारतीच्या मागे, गॅलरीतून दिसत नाही. स्नेहलताने तीनदा चपला घातल्या, तीनदा काढल्या. साडेचारला कर्णा वाजला, आणि आज पहिल्यांदाच ती त्याची वाट बघत होती.

तन्वी धापा टाकत आली, गुडघे मातीने माखलेले. "चाळीसच मिनिटं झाली," म्हणत तिने चौकोनाचे तीन भाग केले आणि दोनच रंगवले. स्नेहलताने शिक्का उचलला. मारला तो तिरकाच उमटला. तिने तो तसाच राहू दिला.