गच्चीवरच्या काचेच्या नळ्या

सोमवारी संध्याकाळी काकांनी गच्चीवरच्या सोलरच्या नळ्या धुऊन परत बसवल्या. मंगळवारी पहाटे ते गेले. दुपारी मी पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला.

काका बरकतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. तिन्ही मजल्यांना गरम पाणी मिळायचं ते त्यांच्यामुळे. तुमच्याही इमारतीत असा एखादा माणूस असेल. सगळं त्याच्यावर सोपवून बाकीचे निर्धास्त असतात.

बोअरच्या पाण्यानं नळ्यांत पांढरा थर धरतो. दर तीन-चार महिन्यांनी काका व्हॉल्व्ह बंद करून एकेक नळी उतरवत आणि मांडीवर घेऊन धूत. संध्याकाळी कोरड्या नळ्या परत बसवायच्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाणी सोडायचं, असा त्यांचा क्रम. ऊन चढलं की कोरडी काच तव्यासारखी तापते. क्वचित उशीर झाला, तर ते नळ्यांवर काकूंच्या जुन्या साड्या पसरून काच निवेपर्यंत थांबत. त्या दिवशी सगळे गार पाण्यानं आंघोळ करत. खालून कुणी कुरकुरलं, तर गच्चीवरून उत्तर येई, "घाई कायकू? काच आहे, तुमच्या ऑफिसातला शिपाई नाही हुकूम ऐकायला."

मी कॉलेजात ग्रंथपाल. मला हे शिकवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. "मास्तर, पुस्तक खाली ठेवा, इकडं बघा. मी गावाला गेलो तर कोण करणार?" मी "हौ, हौ" म्हणायचो आणि पान उलटायचो.

स्मशानातून परतलो तेव्हा बारा वाजून गेले होते. काकूंना हुडहुडी भरली होती. आईला आंघोळीला गरम पाणी हवंय आणि नळाला ते येत नाही, असं त्यांच्या मुलीनं मला सांगितलं. आपण काहीतरी उपयोगी पडावं म्हणून मी वर गेलो. व्हॉल्व्ह बंद होता. उघडला.

पहिला आवाज कशाचा, ते कळलं नाही. मग नळ्या एकामागून एक फुटत गेल्या. मी व्हॉल्व्ह धरून उभा होतो. तो बंद करायचंही सुचलं नाही.

खाली आलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आवाज ऐकला होता.

"ह्यांनीच काहीतरी अर्धवट ठेवलं असणार," त्या म्हणाल्या.

मी बोलणार होतो. तेवढ्यात मुलगी गार पाण्याची बादली घेऊन आली आणि काकू उठल्या.

तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी तेच सांगितलं. जन्मभर कधी नव्हे ते शेवटी शेवटी विसरायला लागले होते, म्हणाल्या. "हो ना मास्तर?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी मान हलवली.

पुढं सोलरचा मेकॅनिक आला. या मापाच्या नळ्या आता मिळत नाहीत, म्हणाला.

गच्चीवर रिकामी टाकी आणि सांगाडा आहे. काकू गॅसवर पाणी तापवतात. काका शेवटी विसरायला लागले होते, असं आता सगळी इमारत म्हणते.