सिद्धलिंगप्पांची साक्ष

निंबर्ग्याचे सिद्धलिंगप्पा धंद्याने शेतकरी आणि सवयीने साक्षीदार. निजामाच्या मुलखात सरकारी नोकरी मुल्कीला, म्हणजे इथल्या माणसाला. अमका पंधरा वर्षं इथलाच आहे, असं आळंदच्या तहसिलीत जाऊन कुणीतरी सांगावं लागे. ते सिद्धलिंगप्पा सांगत. खोटं कधी सांगितलं नाही. त्यामुळे वाट्याला धूळ फार आली आणि चहा कमी. आपल्या पोरांचा घास परक्याने खाऊ नये, हे त्यांचं पक्कं मत. भाच्याची जागा एका बाहेरच्यानेच नेली होती.

आता दाखला हवा होता दवाखान्यातल्या कंपाउंडर उद्धवरावांना. मूळचे सोलापूरचे, इंग्रजी मुलखातले. दाखला नाही तर नोकरी नाही. पटकीच्या साथीत हे गृहस्थ घरोघर औषध पाजत फिरले होते, आणि सिद्धलिंगप्पांच्या गुडघ्यांचं तेलही त्यांच्याच हातचं. पण बोटांवर मोजली तर वर्षं बाराच भरत होती.

भाकरी वाढता वाढता रुद्रम्मांनी नवऱ्याला विचारलं, "तुमी जलमलाव कुटं?"

"मैंदर्गीला. पैलं बाळंतपण माहेरीच होतंय की."

"मैंदर्गी तर हद्दीच्या पल्याड. मंजे तुमीबी परकेच."

"माजा बाप इथला होता."

"व्हय. त्यानं कुणाला औषधाचा एक घोट तरी पाजला होता का?"

सकाळी सिद्धलिंगप्पा उद्धवरावांच्या दारात स्वतःच जाऊन उभे राहिले. साक्षीला मीच येतो, म्हणाले.

दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून घेत त्यांनी 'पंधरा' हा आकडा घोकला. तहसिलीत कारकुनाने विचारलं, किती वर्षं ओळखता? तीस वर्षांची सवय तोंडातून निसटली. "बारा," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

परतताना गाडी उद्धवरावांनीच हाकली. वाटेत म्हणाले, "अप्पा, गावातले गुंडेरावबी यायला तयार होते. ते पंधरा म्हणाले असते. तुमीच हट्टानं आलाव."

 

उद्धवराव महिनाअखेरीला सोलापूरला गेले. त्यांच्या जागी हैदराबादेहून अस्सल मुल्की कंपाउंडर नेमला गेला. पावसाळा सरला, जोंधळा पोटऱ्यात आला, तरी दवाखान्याचं कुलूप काही निघालं नाही.

रुद्रम्मा तापलेली वीट फडक्यात गुंडाळून नवऱ्याच्या गुडघ्याला लावीत. सिद्धलिंगप्पा रस्त्याकडे बघत म्हणत, "आपला माणूस यायलाय म्हणं."

"येऊ द्या," रुद्रम्मा म्हणत, "तवर पाय सरळ करा."