पेपर, सिगारेट आणि टेंभुर्णीचं पान

गांजाबद्दल माझं मत विचारू नका. तो मी आयुष्यात एकदाच ओढला आणि पुढचे दोन तास आपल्या चपला आपल्यावर रागावल्यात, या काळजीत घालवले. पण गांजा वळण्याबद्दल जरूर विचारा. त्या विषयात मी चार माणसांत बोलू शकते.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या प्रोजेक्टच्या गटात आम्ही तिघं होतो. मी सिन्नरची, एक मुलगा ओझरचा आणि एक सुरगाण्याचा. त्या दोघांची नाशकात गंगापूर रोडला भाड्याची खोली होती आणि प्रोजेक्ट तिथे चालायचा. चालायचा म्हणजे लॅपटॉप उघडा असायचा. आठवड्यातून एकदा ते दोघं जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायचे आणि मग लॅपटॉपकडे कुणी बघायचं नाही.

ओझरकराचे वडील विमानाच्या कारखान्यात फिटर. त्यामुळे की काय, त्याला कुठलंच काम मापाशिवाय जमायचं नाही. एकेक बी आणि काडी चिमट्याने वेचायचा, पातळ पेपर उजेडात धरून डिंकाची कड शोधायचा, पुठ्ठ्याची बारीक गुंडाळी करून टोकाला बसवायचा. पाऊण तास सहज जायचा. जे तयार व्हायचं ते दिसायला मात्र देखणं, पेन्सिलीसारखं सरळ. पेटवलं की अर्ध्यावर एक बाजू भराभरा जळत जायची आणि दुसरी कोरीच राहायची. तो वाऱ्याला दोष द्यायचा. खिडकी बंद असायची.

सुरगाणेकराला एवढा धीर नव्हता. तो सिगारेट दोन बोटांत चोळून तिच्यातला तंबाखू तळहातावर काढायचा, त्यात माल मिसळायचा आणि त्याच नळीत परत भरून नळी नखावर ठोकायचा. गप्पा मारता मारता दोन मिनिटांत काम उरकलं. जीपच्या मागे लटकत घाट चढतानाही हे जमतं, असं तो सांगायचा आणि मला ते खरं वाटायचं. फक्त ओढताना पुढचा निखारा हमखास मांडीवर पडायचा. त्याच्या एकूण एक पँटला भोकं होती.

"लय डोकं लावतो तू," तो ओझरकराला म्हणायचा. "ओढायचंय का प्रदर्शनात ठेवायचंय?"

"तुझ्यासारखी मांडी भाजून घ्यायची नाही मला," ओझरकर मान वर न करता म्हणायचा.

एकदा आम्ही रामकुंडाकडे चहा प्यायला गेलो असताना शेजारच्या पायरीवर एक साधू चिलीम भरत बसला होता. ओझरकराने मोठ्या अभिमानाने खिशातली आपली कलाकृती त्याला दाखवली. साधूने ती उलटसुलट करून पाहिली, "ये क्या है, पेन्सिल?" असं विचारलं आणि परत देऊन टाकली. मग चिलमीला ओलं फडकं गुंडाळून एवढा मोठा धूर काढला की चहावाला खोकायला लागला. वळायची भानगडच नको, हा त्याचा पंथ. पण ओझरकर त्यानंतर आठवडाभर माझ्याशीही नीट बोलला नाही, कारण मी हसले होते.

त्याच आठवड्यात मी फुशारकी मारली की तुमच्यापेक्षा बरं मी वळून दाखवते.

माझी आई विड्या वळते. सिन्नरच्या आमच्या गल्लीत दारोदार बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असतात, आणि चालता यायला लागलं की पोरींच्या हातात कात्री येते. मीही शिकले. भिजवलेलं टेंभुर्णीचं पान पत्र्याच्या मापावर कापायचं, तिरपं धरायचं, तंबाखू पसरायचा, बोटांच्या टोकांनी एकाच ओढीत वळायचं, नखाने तोंड मिटायचं आणि दोऱ्याचे वेढे द्यायचे. पण मी दहावीत गेले त्या दिवशी आईने माझ्या मांडीवरचं सूप उचललं आणि म्हणाली, "आता याला हात लावायचा नाय." ती गंमत करत नव्हती. तिला माझी बोटं पुस्तकावरच दिसायला हवी होती.

त्यामुळे खोलीवर मी पहिल्यांदा पान वळलं तेव्हा थोडी चोरी केल्यासारखं वाटलं आणि खूप मजा आली. एका मिनिटात तीन. ते दोघं तोंड उघडं टाकून बघत होते. पानाची वळलेली एका बाजूने जळत नाही, मांडीवर निखारा टाकत नाही. ओढायचं थांबलात की विझते एवढंच, म्हणजे उधळपट्टीही नाही. चार वर्षांत इंजिनिअरिंगमध्ये माझं कुणी कौतुक केलं नव्हतं. ते पहिल्यांदा झालं ते असं, आणि मी हुरळून गेले.

मग सुरगाण्याच्या डोंगरात रविवारी फिरायला जायचं ठरलं आणि मला दहा वळून आणायचं काम मिळालं. घरी पानं आयतीच भिजवून ओल्या गोणपाटात ठेवलेली असतात, म्हणून मी शुक्रवारी पुडी घेऊन सिन्नरला आले. दुपारी आई बाजारात गेल्यावर मी तिचं सूप मांडीवर घेतलं. दहाव्या विडीचा दोरा तोडते न तोडते तोच दारात आईच्या चपला वाजल्या.

आता दहा विड्या लपवायला आठशे विड्यांच्या ढिगापेक्षा चांगली जागा कुठली? मी त्या तिच्या तयार ढिगात सारल्या आणि पुस्तक उघडून बसले. आपल्या हातच्या आपण ओळखू, नंतर वेचून घेऊ, असा माझा हिशेब. आई हातपाय धुऊन आली आणि लगेच पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायला बसली.

"मी बांधू का?" मी विचारलं.

"तू अभ्यास कर."

ढिगाच्या ज्या कडेला मी माझ्या सारल्या होत्या, ती कड बघता बघता जुड्यांत बांधली गेली. सकाळी लवकर उठून सोडवू म्हणून झोपले. उठले तेव्हा साडेआठ वाजले होते आणि आई टोपली घेऊन विड्या जमा करायला विडी कारखान्याच्या ओट्यावर गेलेली होती.

मी तशीच पळत सुटले. माझ्या डोळ्यांपुढे ओट्यावर विड्या तपासणाऱ्या चेकरची टोपली होती. नापास विड्या तो त्या टोपलीत टाकतो आणि दुपारी त्या फाडून तंबाखू वेगळा काढतात. माझ्या फाडल्या तर आत काय निघेल ते कळायला कुणी शहाणा नको होता. आईचं विडी कामगाराचं कार्ड गेलं असतं, आणि नुसतं कार्ड गेलं असतं तरी नशीब म्हणायचं.

त्या ओट्यावर आईचा वेगळाच मान होता. वीस वर्षांत तिची एक विडी परत आली नव्हती. चेकर तिच्या जुड्या सोडायचाही नाही, नुसता हात लावून बाजूला ठेवायचा, आणि रांगेतल्या बायका ते बघायच्या. आईला मिरवायला दुसरं काही नव्हतं. हे मात्र ती मान ताठ करून मिरवायची.

मी पोचले तेव्हा चेकरचा हात एका जुडीवर थांबला होता. त्याने ती उचलून तोलली, दोरा सोडला आणि एकेक विडी दाबत दहा बाजूला काढल्या. अगदी बरोबर दहा. खोलीवरची माझी सगळी कीर्ती त्याने दोन बोटांत दाबून संपवली. मी इतकी घाबरलेली असूनही मला त्याचा राग आला.

"पोकळ हायेत," तो म्हणाला. "बाई, हा तुमचा हात नाय. कुणी वळल्या? पोरीनं?"

आईने एक विडी उचलून नाकाशी नेली, तंबाखूची ओल बघायला नेते तशी. मग तिने दारात धापा टाकत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. रांगेतल्या बायका माना लांब करून बघत होत्या. पोरीच्या आहेत, शिकतेय अजून, एवढं म्हणाली असती तर तिच्यावर काही आलं नसतं.

"माझ्याच हायेत," आई म्हणाली. "काल बोटं दुखत व्हती. द्या इकडं, सोडून परत वळून आणते."

वीस वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं, म्हणून त्याने दिल्या. रांगेत मागे कुणीतरी हळूच हसलं. आईने दहाही विड्या कमरेच्या पिशवीत घातल्या आणि ती मान खाली घालून ओटा उतरली. मला रडू आवरेना.

घरी येऊन तिने त्या अंघोळीच्या बंबात टाकल्या. तिथे आमचं थोडं चुकलं, कारण सगळं अंगण धुराने भरलं. आम्ही दोघी नाकाला पदर आणि ओढणी लावून उभ्या असताना शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, कुठला धूप गं हा, छान वास आहे. आईच्या खांद्यांना हसू फुटलं आणि मग मलाही. त्या दिवशी तिने मला दोन धपाटे घातले, ते हसता हसताच. डोंगरात ते दोघं ओझरकराच्या पेन्सिली घेऊन गेले.

पण त्यानंतर चेकर आईची प्रत्येक जुडी सगळ्यांसमोर सोडायला लागला. पंचवीसच्या पंचवीस विड्या दाबून बघायचा. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी त्याचं चालूच. एका शनिवारी मी तिच्याबरोबर गेले होते आणि तिला तशी उभी राहिलेली पाहून मला सहन झालं नाही. परतताना मी तिला विचारलं, माझ्या आहेत म्हणून का नाही सांगितलंस, एवढं तर खरंच होतं.

आई टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेत म्हणाली, "त्या ओट्यावर तुझं नाव कधी निघू नये, म्हणून तर वळते मी."